दुसऱ्या पाळीचा बांगडा

त्या माणसाने माझं नुकसान केलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे त्याच्याविषयी माझ्या हातून दोन चांगले शब्द जातील अशी मला भीती आहे, आणि ते वाचून कोणी म्हणेल, बाई झालं गेलं विसरली. मी विसरत नाही. ज्या कोळणीने एकदा माझ्या वाट्यात तळाला शिळे बोंबील सरकवले, तिच्या पाटीपुढे मी पुन्हा कधी उभी राहिले नाही. बाजारात जायचं तर पलीकडच्या रांगेतून वळसा घालून गेले.

आम्ही त्यांना रंगमास्तर म्हणायचो. आमच्या लालबागेतल्याच एका गिरणीच्या रंगखात्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी नखं निळी ती निळीच. ते माझ्या खानावळीत जेवायला बसले, की पांढऱ्या भातावर त्या निळ्या नखांचा हात पडायचा आणि शेजारी कोणी नवा गडी असला तर दचकून बघायचा.

"घाबरू नको रे," मास्तर म्हणायचे, "पक्का रंग आहे. आमटीत उतरत नाही."

पक्का की कच्चा, हा त्यांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. कोणाचं लग्न ठरलं, कोणी दारू सोडली, कोणी भावाशी समेट केला, की मास्तरांनी विचारलंच, "पक्का की कच्चा?" ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. शिवाजी पार्कवरची सभा ऐकून लोक घसे बसवून परत यायचे आणि मुंबईसह महाराष्ट्र आता आलाच म्हणून सांगायचे. मास्तरही त्याच सभेहून आलेले असायचे, घोषणा देऊन त्यांचाही आवाज गेलेला असायचा, पण तशाच फुसफुसत्या आवाजात म्हणायचे, "दिल्लीवाल्यांचं आश्वासन ना? दोनदा धुऊन बघा, मग सांगा."

दुसरी खोड वास घेण्याची. पाण्याचा तांब्यासुद्धा आधी नाकाशी न्यायचे आणि मग तोंडाला. एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आज कामावर गेला नव्हतात वाटतं. सदऱ्याला ना तेलाचा वास, ना सुताचा." खरं होतं. नवरा खाडा करून दिवसभर परळला एका मित्राकडे कॅरम खेळत बसला होता. त्या रात्री घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्याच्या या खाड्यांमुळेच मी खानावळ काढली. एका चुलीवर सुरू केली आणि भांडून भांडून वाढवली. कोळसेवाल्याशी भांडले, भाडं गोळा करायला येणाऱ्या मेहत्याशी भांडले, बर्फवाल्याशी तर लादी वितळेपर्यंत भांडले आणि मग लादी लहान झाली म्हणून पुन्हा भांडले. बाजारात मी दिसले की कोळणी पदर खोचून तयार व्हायच्या. माझ्या मागे कोणी उभं नव्हतं. जे मिळवलं ते या तोंडावर मिळवलं.

गल्लीच्या पलीकडे आणखी एक खानावळ होती. ती चालवणारी बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कोकणातली. तिचं नाव मी घेत नाही. तेव्हाही घेत नसे. मी तिला समोरची म्हणायचे, आणि माझी खात्री आहे, तीही मला समोरचीच म्हणत असणार.

माझ्या खानावळीचा कणा म्हणजे एक खोली. गिरणगावात एकेका गावाची अशी खोली असायची. त्या गावचा माणूस मुंबईत आला की ट्रंक तिथे ठेवायचा, कामाच्या पाळीप्रमाणे तिथेच झोपायचा. आणि खोलीने जेवायचं ते सगळ्यांनी एकाच खानावळीत. कुठे, ते बैठक घेऊन ठरवायचं. एकदा ठरलं की एकट्यादुकट्याने दुसरीकडे पान मांडायचं नाही. मालवणकडच्या एका गावाची मोठी खोली माझ्याकडे जेवायची. ती उठून गेली असती तर मला चूल विझवून नवऱ्याच्या पगाराची वाट बघत बसावं लागलं असतं, आणि नवऱ्याचा पगार किती भरवशाचा ते वर सांगितलंच आहे.

त्या खोलीची तक्रार होती बांगड्याची. मासे मी सकाळी आणायचे. पहिली पाळी सुटून येणाऱ्यांना ते ताजे मिळायचे. दुसरी पाळी सुटायची मध्यरात्रीच्या सुमारास, आणि तोपर्यंत बांगड्याचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बर्फात ठेवला तर बर्फ वितळून मासा पाणचट व्हायचा. कोकमं जास्त टाकून मी वास झाकायला बघायचे. तो झाकला जात नसे, नुसता आंबट व्हायचा.

एका रविवारी खोलीतले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणायचे, ताटावरून न उठता म्हणाले, "वयनी, ह्यो बांगडो काल मेलो की गेल्या आयतवारी?"

"आबा, तोंड सांभाळून बोला. काल सकाळी माझ्या हाताने घेतलाय."

"घेतलंस ता खरा. पण आमच्या दुसऱ्या पाळीच्या झिलग्यांक तो मध्यरातीक मिळता. त्येंका काय नाक नाय? तूच सांग. समोरचीकडे चौकशी केलंव आमी. लवकरच खोलीची बैठक हा, तेव्हा काय ता ठरयतलंव."

मी हातातला डाव पातेल्यात असा आपटला की सार भिंतीवर उडालं. मला बोलायचं खूप होतं, पण कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "बाई, रागावू नका. आबांचं बरोबर आहे. माझी निम्मी नोकरी दुसऱ्या पाळीत गेली. ताजा बांगडा कसा लागतो हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. यावर काहीतरी करतो मी."

"तुम्ही काय करणार? बांगडा रंगवणार?"

"तसंच काहीसं," मास्तर म्हणाले, आणि बोटं चाटत उठले.

ते चार दिवस फिरकले नाहीत. मग आले ते वरळीच्या कोळीवाड्यातून, झाडाच्या सालीचा तुकडा खिशात घालून. कोळी लोक सुताची जाळी अशा सालीच्या काढ्यात उकळून काढतात, ते पाहून आले होते. "बाई, जाळं रोज खाऱ्या पाण्यात भिजतं, उन्हात तापतं, तरी कुजत नाही. का? साल! मग जाळ्याला जे चालतं ते जाळ्यातल्या माशाला का चालू नये?"

"जाळं कोणी खात नाही म्हणून," मी म्हटलं.

पण माझ्यापुढे दुसरा उपाय नव्हता. मी त्यांना थोडे बांगडे दिले, चुलीचा एक कोपरा दिला. भांडं मात्र कल्हईचं दिलं नाही. कल्हईवाल्याला मी पैसे मोजले होते. एक जुनं लोखंडी घमेलं दिलं. मास्तरांनी पहिला प्रयोग हिरड्याचा केला. हिरडे कुटून, उकळून, निववून त्यात साफ केलेले बांगडे बुडवले आणि आम्ही दोघं डोकावून बघत राहिलो. बांगडे हळूहळू काळे पडले. साधे काळे नव्हे. वहाणेसारखे काळे.

मी किंचाळले. मास्तर मात्र कपाळावर हात मारून हसायला लागले. "अहो, हिरडा आणि लोखंड! कापड काळं करायचं तर आम्ही हेच करायचो. जन्मभर रंगवलं आणि आज विसरलो!" मग एक बांगडा शेपटीने वर धरून उजेडाकडे नेला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "पक्का आहे हो पण."

फेकून द्यायला मी काही सावकाराची लेक नव्हते. काळ्या वाटणाचं दाट सार केलं, त्यात ते बांगडे सोडले आणि तोंड मिटून वाढलं. पंगतीतल्या एका दांडगोबाने सारातून बांगडा बाहेर काढला, बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि ओरडला, "वयनी, तुझ्या बांगड्यान काळो झेंडो काढल्यान गे!"

त्या दिवसांत मुंबईत कोणी मंत्री आला की रस्त्यावर काळे झेंडे दिसायचे. अख्खी पंगत ठसका लागेपर्यंत हसली. "पाठव त्येका दिल्लीक," कोणी म्हणालं. "हेका मुंबई व्हयी," दुसरा म्हणाला. हसता हसता सगळ्यांनी खाल्ले ते बांगडे, वास कोणालाच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या संडासापुढची रांग मात्र नेहमीपेक्षा लांब होती. हिरड्याचा तोही गुण आहे, हे मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

मग सुरू झाला पाल्याचा काळ. मास्तरांच्या खोलीबाहेरच्या दोरीवर लोकांची धोतरं वाळायची तिथे फांद्या लटकायला लागल्या. शेजारणी विचारायच्या, "मास्तर, बकरी पाळलीत काय?" कडुनिंब झाला: मासा टिकला, पण कडू एवढा की मांजर माझ्याकडे रागाने बघून गेलं. डाळिंबाची साल झाली: बांगड्यांना कावीळ. लवंग झाली: वास इतका झकास की आबा म्हणाले, "बांगडो विडो खाऊन इलो," पण लवंगेचा भाव ऐकून मीच तो प्रयोग बंद पाडला. दर वेळी मास्तर मासा नाकाशी धरून डोळे मिटायचे, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळायचं, अजून नाही.

शेवटी जमलं ते पेरूच्या पाल्यावर. पाला उकळायचा, धोतराच्या फडक्यातून गाळायचा, निवला की चिमूट मीठ. साफ केलेला मासा त्यात बुचकळून मातीच्या मडक्यात ठेवायचा, वर ओलं गोणपाट. एवढंच. पण त्यासाठी लागणारा पाला मास्तर परळपासून प्रभादेवीपर्यंतच्या वाड्यांतून गोळा करत हिंडायचे. न विचारता एक पान तोडायचे नाहीत. दार वाजवायचे, झाडाच्या मालकिणीला मासा का कुजतो ते पहिल्यापासून समजावून सांगायचे, मग तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी पिशवीभर पाला घेऊन यायचे. मी म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम, दिवस कशाला लावता?" तर म्हणाले, "फुकट पाला घ्यायचा म्हणजे ऐकून तरी नको का घ्यायला?"

पुढच्या रविवारी आबांनी दुसऱ्या पाळीच्या पोरांना माझ्यासमोरच विचारलं, रात्रीचा बांगडा कसा होता. एका पोराने आणखी वाढा म्हणून नुसतं ताट पुढे केलं. आबा गप्प बसले. मासे खाणारा माणूस गप्प बसला की खानावळवालीला सगळं कळतं.

त्याच दुपारी मी मास्तरांना गाठलं. माझ्या हातात असा हुकमाचा पत्ता आयुष्यात पहिल्यांदा आला होता आणि तो मला पक्का करून घ्यायचा होता.

"मास्तर, हा काढा फक्त माझ्याकडे. बोला, काय घ्याल?"

"काही नको."

"जन्मभर जेवण फुकट."

"छे. पैसे देऊन जेवलं की नावं ठेवता येतात."

"नवा कोट शिवून देते."

"आहे की कोट."

"रोज माशाची मुंडी तुम्हाला."

इथे ते जरा थांबले. मला वाटलं, गळाला लागले. पण मान हलवून म्हणाले, "नको. ज्याच्या ताटात येईल त्याच्या ताटात येऊ दे."

ज्याला काहीच नको असतं त्याच्याशी भाव कसा करायचा? मी बाजारात मुरलेल्या कोळणींना घाम फोडला होता, पण या माणसाला माझा एकही भाव लागू पडला नाही. तरी मनात धरून बसले, की नाही म्हणाले म्हणजे दुसरीकडे जाणार आहेत थोडेच.

आणि मग तो हरताळ आला. आदल्या दिवशीच सगळीकडे जाहीर झालं होतं, उद्या बाजार बंद, गिरण्या बंद, बर्फ नाही, काही नाही. त्या काळात लालबागेने लाठ्या आणि त्याहून वाईट पाहिलं होतं. बंद म्हणजे बंद. आबा येऊन सांगून गेले, उद्या सगळ्या पाळ्यांची माणसं एकदम मोकळी आहेत, तेव्हा उद्याच ठरवून टाकू. अर्धी खोली तुझ्याकडे जेवेल, अर्धी समोर, मग बैठक.

मी संध्याकाळच्या बाजारात उरलेले बांगडे पडेल भावाने उचलले. समोरचीनेही उचलले, मी बघितलं. माझे बांगडे मास्तरांच्या काढ्यात बुडून मडक्यात जाऊन बसले आणि मी शांत झोपले. उद्या दुपारी समोरच्या दारातून कसा वास येईल, या विचाराने मला झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इकडे माझी पंगत बसली आणि मी दाराशी उभी राहून नाक वर करून वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. तळणीचा खमंग वास, ताज्या माशाचा. मग समोरच्या दाराशी नजर गेली. उंबऱ्याजवळ मातीचं मडकं, वर ओलं गोणपाट, आणि मडक्याशेजारी माझा रंगमास्तर कानात पेरूचं पान खोचून हरताळाच्या मिरवणुकीहून परत येऊन बसलेला.

"मास्तर!" मी गल्लीच्या या बाजूने ओरडले. "तुमचं मडकं तिथे काय करतंय?"

"एक तुमच्याकडे, एक इकडे," त्यांनी शांतपणे सांगितलं.

"तिकडे कशाला?"

"इकडेही दुसरी पाळी जेवते ना, बाई."

"मी तुम्हाला काय काय देत होते!"

"देत होतात. मी घेतलं होतं का?"

तेवढ्यात समोरची बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. "काय गो बाय, मासो तुझ्या एकटीचोच काय?"

रागात माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी ओरडले, "मासे घे तुझे! मास्तर माझे आहेत!"

हरताळामुळे सगळी चाळ गॅलरीत होती. वरून कोणीतरी विचारलं, "कधीपासून, वयनी?" आणि गल्ली जी हसली ती हसली. माझा नवरा पंगतीत वाढता वाढता मोरीत जाऊन लपला.

खोलीची बैठक माझ्याच पायरीवर झाली. मी आत उभी राहून ऐकत होते. आबांनी चूळ भरली आणि म्हणाले, "मासो दोनय कडे ताजो. वासाचो प्रश्न मिटलो. मगे ऱ्हवली चव. समोरची बाय गोड बोलता, पण तिच्या सारात जीव नाय. वयनी, तू शिव्या घालतंस, पण तुझ्या वाटणाक तोड नाय. खोली हयच ऱ्हवतली."

मी पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. एवढंच नव्हे, समोरचीकडची दोन-तीन टोळकी त्या दिवशी कुतूहलाने माझं सार चाखून गेली होती, तीही म्हणाली, आम्हीही इकडेच येतो. माझा बेत तिथल्या तिथे तयार झाला. महिन्या दोन महिन्यांत समोरची बंद होणार, तिची जागा मी घेणार, मेहत्याशी कुठून भाव सुरू करायचा तेसुद्धा मनात ठरलं.

संध्याकाळी मास्तर नळावर मडकं धूत होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून तेच बोलले. "बाई, काय घ्याल म्हणून तुम्ही विचारलं होतं. ते अजून आहे का?"

मी लगेच विरघळले. एवढ्या दिवसांनी या माणसाला काहीतरी हवं होतं. "आहे. बोला."

"समोरच्या बाईंना तुमचं वाटण शिकवा. खोबरं भाजायला घेतल्यापासून शेवटपर्यंत, सगळं."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. नळावरच्या बायका घागरी अर्ध्या भरून निघून गेल्या एवढं आठवतं. मास्तर मडकं उपडं घालून ऐकत राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "तिकडची माणसं इकडे आली तर तुम्ही बसवणार कुठे? पंगतीमागून पंगत. मासा टिकेल, पण सार? शेवटच्या पंगतीला तळाचं, आटलेलं. आणि शेवटची पंगत कोणाची? पुन्हा दुसऱ्या पाळीचीच."

बोलणं खरं होतं, पण खरं बोलणाऱ्याला मी कधी पूर्ण भाव दिलेला नाही.

"नुसतं भाजणं दाखवीन," मी म्हटलं.

"सगळं."

"भाजणं आणि मसाल्याचं प्रमाण. पाव वाटण समजा."

"सगळंच, बाई."

"अर्धं! भाजणं, प्रमाण, वाटणं. शेवटी वरून काय घालायचं आणि कधी, ते नाही सांगणार. अर्ध्याच्या वर एक दाणा नाही. पटत असेल तर बोला, नाहीतर मी चालले." आणि मी खरंच दोन पावलं चालले, जशी पाटीपुढून चालायचे.

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं, कान खाजवला, मोठा सुस्कारा टाकला. "बरं," ते म्हणाले, "अर्धं तर अर्धं."

मी समोरचीला अर्धं वाटण शिकवलं. ती माझ्या चुलीपुढे बसली आणि मी तिच्याकडे न बघता खोबरं भाजलं. तिचं सार सुधारलं; माझ्याएवढं नाही, पण तिची माणसं तिच्याकडे राहण्याइतकं. तिची जागा मला मिळाली नाही. माझं नुकसान म्हणते ते हे.

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसह. त्या दिवशी गल्लीत दिवे लागले, पेढे वाटले गेले, समोरचीने माझ्या दारात पेढा आणून दिला आणि मी तो घेतला. मास्तर जेवायला बसले होते. मी खुशीत होते, म्हणून म्हटलं, "मास्तर, काही म्हणा, त्या दिवशी नळावर मी तुम्हाला बरोबर अर्ध्यावर आणलं."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "बाई, सगळं शिकवलं असतंत तर चव सारखी झाली असती, खोली त्या गोड बोलणाऱ्या बाईंकडे गेली असती, आणि तुमची चूल बंद पडली असती. मला हवं होतं ते अर्धंच. म्हणून तर सगळं मागितलं."

रोज सकाळी बाजारात मी दुसरं काय करत होते? आणि ज्याने आयुष्यात कधी भाव केला नाही, त्याने ते माझ्यावरच करून दाखवलं होतं.

पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्या एकट्याचं जेवण महाग केलं. त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.